बेल पुढं द्या

हिंगणवाडी, ता. आष्टी
५ ऑगस्ट १९९६

चि. रुद्राणीस,
नागप्पामामाचा आशीर्वाद.

तुझ्या प्रशिक्षणाहून एकदाचा घरी पोचलो. अंबाजोगाईहून येताना एस.टी. वाटंत दोनदा बंद पडली. पण तुमच्या हॉलमधी जमिनीवर गोल बसून गुडघे जे धरलेत, त्याच्यापुढं एस.टी.चा त्रास म्हणजे सुखच. बोलतो तसंच लिहितोय, राग मानू नको. मुख्याध्यापकाच्या भाषेतली पत्रं मी साहेब लोकांना लिहितो, भाचीला न्हाई.

तुमच्या पुण्याच्या डायरेक्टर मॅडम लई गोड बाई. 'डोळे मिटा आणि तुमच्या आतल्या लहान मुलाला भेटा' म्हणाल्या. आमच्यातले निम्मे मास्तर भेटायला गेले ते जेवणाच्या घंटेपर्यंत माघारी आलेच न्हाईत, घोरत पडले. मग तो लाकडी पोपट. ज्याच्या हातात पोपट त्यानं मनातलं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शहादेव मास्तरांनी पोपट छातीशी धरला आणि बदली मागितली. मॅडमनी डोळे पुसले, म्हणाल्या किती खोल जखम आहे ही! अगं, जखम कसली? बायको आष्टीला आन् हे गेवराईला, एवढंच दुखणं.

तुमच्या हुकुमाप्रमाणं छडी निवृत्त केली. फ्रेम करून, हार घालून हापिसात टांगली. पोरं येता-जाता तिच्यापुढं वाकतात. आदरानं न्हाई, खिळा ढिला हाय म्हणून.

आता कामाचं. आमच्या सातवीतल्या कावेरीनं राजनंदिनीच्या मुस्काटात दिली. राजनंदिनी ही शाळा समितीचे अध्यक्ष आन् ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम विठ्ठलराव यांची लेक. कावेरीचे आई-बाप ऊसतोडीला जाणारे, ही आजीजवळ, भिवराबाईजवळ राहून शिकते. हुशार हाय, पण गेल्या उन्हाळ्यापासून शाळेत तोंडातून शब्द काढीत न्हाई. विठ्ठलरावांचा निरोप आलाय की दिवाळीच्या आत पोरीचा दाखला तिच्या बापाच्या हातात द्या, तोडीचा ट्रक निघंल त्यात तिलाबी घालून द्या. एकदा ती ट्रकात चढली की शाळा संपली. पुढच्या वर्षी तिच्या हातात पुस्तक न्हाई, गळ्यात मंगळसूत्र दिसंल. छडी असती तर दोन ठेवल्या असत्या आन् प्रकरण मिटवलं असतं. आता तूच सांग, पोपट कुठं ठेवू?

तुझा मामा
नागप्पा

०

अंबाजोगाई
१४ ऑगस्ट १९९६

तीर्थस्वरूप मामांस,
रुद्राणीचा शरणार्थ.

तुमचं पत्र वाचून आई हसून हसून बेजार झाली. मी मात्र हसले नाही. मामा, तुमच्या पत्रात आघात-जाणीव अजून रुजलेली दिसत नाही. 'दोन ठेवल्या असत्या' हे वाक्य मॅडमनी वाचलं असतं तर तुमचं प्रमाणपत्र परत मागवलं असतं.

आपल्या पुस्तिकेचं पान उघडा. मारणारं मूल हे आधी मार खाल्लेलं मूल असतं. त्याला 'का केलंस' असं विचारायचं नाही. 'तुझ्यासोबत काय झालं' असं विचारायचं. मग ज्याला लागलं तो, ज्याच्या हातून लागलं तो आणि ज्यांना दोघांची काळजी आहे ते, असे सगळे नातेसांधणी-वर्तुळात बसवायचे. शिक्षा नाही, संवाद! कावेरीची केस म्हणजे आपल्या फुलपाखरू प्रकल्पासाठी सुवर्णसंधी आहे.

दाखला मुळीच देऊ नका. वर्तुळ घ्या आणि मला लवकर अहवाल पाठवा. आमच्या नेमणुका मार्चपर्यंतच्याच आहेत आणि दिल्लीहून सारखं विचारतात की बदल कुठे दिसतोय. तुमच्याकडे दिसला तर फार बरं होईल.

तुमची भाची
रुद्राणी

०

हिंगणवाडी
२० सप्टेंबर १९९६

चि. रुद्राणीस आशीर्वाद.

केसबिस म्हणू नको पोरीला. कोर्टात उभी केल्यासारखं वाटतं.

वर्तुळ घेतलं. घवघवीत यश! पोपट फिरला. पहिल्या पोरानं सांगितलं, 'मला माझ्या भावना सांगायला आवडतात.' दुसऱ्यानंबी तेच. सगळ्या वर्गानं तेच. कावून रे, म्हनलं, सगळ्यांच्या भावना एकच कशा? तर म्हणाले, गुरुजी, फळ्यावर तुमीच लिहिलंय की. बालमनाची एवढी एकी मी तीस वर्षांच्या नोकरीत बघितली न्हाई. धन्य तो प्रकल्प!

पोपट कावेरीजवळ आला तवा मी पुस्तिकेतल्यासारखा गोड आवाज काढून 'काय झालं गं तुझ्यासोबत?' म्हणून विचारलं. तिनं पोपटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आन् पोपट खाली ठेवून दिला. पुढच्या पोरानं तो उचलायच्या घाईत त्याची चोच मोडली. आता तो पोपट हाय की कबूतर ते कळत न्हाई.

आन् रुद्राणी, तिच्यासोबत काय झालं ते सगळ्या गावाला माहीत हाय. गेल्या हंगामात शाळा बुडवून आई-बापासंगं फडावर गेलती. ऊस तोडायला न्हाई, तान्ह्या भावाला सांभाळायला. विठ्ठलरावांचा ट्रॅक्टर माघारी येताना लेकराच्या अंगावरून गेला. पोरगी लेकराला टाकून खेळायला गेलती म्हणतात. तेच राजनंदिनीनं तिला वर्गात बोलून दाखवलं, 'तूच खाल्लंस भावाला.' म्हणून ती मुस्काटात. राजनंदिनीची चूकच. पण खरं असलं तरी असं तोंडावर बोलायचं असतं का, एवढंच माझं म्हणणं. कावेरीची आई, कौशल्याबाई, लेकरू गेलं तवापासून लेकीला जेवायला वाढते पण तिच्याकडं बघत न्हाई. मी काय सांधू ह्यात? तुमच्या पुस्तिकेत फडाचं चित्र न्हाई, बागेतल्या झोक्याचं हाय.

विठ्ठलरावांचं माणूस काल परत येऊन गेलं. दाखला लिहून तयार ठेवा म्हणालं. शाई संपली म्हणून सांगितलं. शाई किती दिवस संपलेली ठेवू?

मामा

०

अंबाजोगाई
१२ ऑक्टोबर १९९६

ती. मामांस शरणार्थ.

अभिनंदन! तुमचा अहवाल मॅडमना इतका आवडला की विचारू नका. 'घवघवीत यश' आणि 'बालमनाची एवढी एकी मी तीस वर्षांच्या नोकरीत बघितली नाही' ही तुमची दोन वाक्यं आपल्या वार्तापत्राच्या पहिल्या पानावर चौकटीत छापली आहेत. तुमचा फोटो नव्हता, म्हणून झोक्याचा टाकलाय.

आणि आता आनंदाची बातमी. ४ नोव्हेंबरला मॅडम, दिल्लीचे दोन पाहुणे आणि व्हिडिओ कॅमेरा हिंगणवाडीला वर्तुळ बघायला येत आहेत. कावेरीचंच वर्तुळ घ्यायचं. दोन्हीकडचे पालक, आजी, शाळा समिती, सगळे घटक बसवा. विठ्ठलराव तर हवेतच, पाहुणे विशेष करून विचारत होते की स्थानिक नेतृत्वाचा सहभाग आहे का.

पोपटाचं वाईट वाटलं. नवा मागवायला वेळ नाही. तुमच्या भागात ज्या वस्तूबद्दल लोकांना आदर वाटतो अशी एखादी वस्तू घ्या. आणि एक नियम सगळ्यांना आधी समजावून सांगा. ज्याला बोलायचं नसेल त्याने वस्तू न घेता 'पुढे द्या' म्हणायचं. त्याच्या मौनाचा आदर करायचा.

मामा, कावेरीच्या भावाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी मॅडमना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पुस्तिकेतल्या प्रकरण चारशी जुळतंय. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण कॅमेऱ्यापुढे अध्यक्ष त्या पोरीचा दाखला मागू शकणार नाहीत, एवढं तरी होईल.

रुद्राणी

०

हिंगणवाडी
१९ ऑक्टोबर १९९६

चि. रुद्राणीस आशीर्वाद.

आगं बाई, मी ते यश टोमण्यानं लिहिलं होतं! तू लेक माझ्या शिवकांताक्काची की तुझ्या मॅडमची? असो. छापलंय ते आता पुसता येत न्हाई.

विठ्ठलराव यायला एका पायावर तयार हायेत. कॅमेरा म्हनल्याबरोबर आष्टीला नेहरू शर्ट शिवायला टाकला. पण ट्रक दिवाळीनंतर लगेच निघणार आन् 'पाहुणे गेले की दाखला' असं मला बजावून गेलेत. म्हणजे वर्तुळबी करा आन् पोरीलाबी घालवा.

वस्तू म्हणून बेलाचं पान चालंल का? शाळेमागं महादेवाच्या देवळाजवळ झाड हाय. जवळ पडतं आन् चोच मोडायची भीती न्हाई.

मामा

०

अंबाजोगाई
२५ ऑक्टोबर १९९६

ती. मामांस शरणार्थ.

बेल! मॅडम अक्षरशः उडाल्या. 'स्थानिक, पर्यावरणपूरक आणि विनाखर्च' असं त्यांनी टिपून घेतलंय. तीन पानं म्हणजे मूल, पालक आणि शिक्षक, असंही त्या म्हणाल्या. नक्की घ्या.

मी पण येतेय. कावेरीला भेटायचंय.

रुद्राणी

०

हिंगणवाडी
७ नोव्हेंबर १९९६

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

जीप आली, तू उतरली न्हाईस. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, कॅमेऱ्याच्या स्टँडला जागा पुरेना म्हणून रुद्राणीला बीडला उतरवलं. आघात-जाणीव लई हाय हो तुमच्याकडं! म्हणून जे झालं ते सगळं लिहितो.

पटांगणात सतरंज्या टाकल्या. पाहुण्यांनी बाटलीतलं पाणी आणलं होतं, आमची पोरं त्या बाटल्यांकडंच बघत होती. कावेरीचे आई-बाप, भिवराबाई, विठ्ठलराव नव्या शर्टात, राजनंदिनी, मी, सगळे गोल बसलो. निम्मं गाव भिंतीपाशी उभं. मॅडमनी नियम समजावला. मग मी ताटातून बेल बाहेर काढला.

रुद्राणी, काय सांगू! गावानं चपला काढल्या. कुणी सांगितलं न्हाई. आपल्याकडं बेल उचलणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पण तुझ्या मॅडमना ठाऊक नव्हतं. बांधाचा तंटा असो की कुणाची म्हैस सुटलेली असो, महादेवाचा बेल हातात घेऊन माणूस बोलला की ते खरं. त्याच्यावर कुणी बोलत न्हाई. आन् एखाद्यानं बेल उचलायचं नाकारलं तरीबी निकाल लागतो. मॅडम कॅमेरावाल्याला म्हणाल्या, बघा, वस्तूबद्दल किती आदर आहे.

बेल पहिल्यांदा कावेरीकडं. मला वाटलं, पोपटासारखा खाली ठेवंल. भिवराबाई पुटपुटली, 'जपून गं बाई, महादेवाचा हाय.' पोरीनं दोन्ही हातांत धरला आन् बोलली. कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज ऐकला, घोगरा झालाय.

'म्या बाळ्याला टाकून गेले नव्हते,' म्हणाली. 'पाचटावर निजवला व्हता, म्या बाजूलाच व्हते. ट्रॅक्टर माघारी आला. त्यावर टेप लई मोठ्यानं लावला व्हता. म्या लई वरडले. ड्रायव्हरला ऐकूच गेलं न्हाई.' मग विठ्ठलरावांकडं न बघता म्हणाली, 'मालक आले. ड्रायव्हर त्यांचा मेव्हणा. ते म्हनले, पोरगी लेकरू टाकून खेळाय गेलती असं समद्यांनी सांगा. मला म्हनले, तू बोललीस तर तुझ्या बापाला काम न्हाई. म्हनून म्या बोललेच न्हाई. कुणाशीच.'

तो कॅमेरा तेवढा घुर्र करत होता. मला एवढी लाज वाटली की काय सांगू. मीच तुला लिहिलं होतं ना, 'सगळ्या गावाला माहीत हाय' म्हणून!

पुढं विठ्ठलराव. बेल त्यांच्यापुढं आला. हात अर्धा वर गेला, कॅमेऱ्याकडं बघून हसूबी आलं तोंडावर. मग नजर बेलावर गेली, तिथनं देवळाच्या कळसावर गेली. हात माघारी आला. नवा शर्ट पाठीला चिकटला होता. म्हणाले, 'पुढं द्या. मला काही बोलायचं न्हाई.'

आन् तुझ्या मॅडमनी टाळ्या वाजवल्या! 'वा! मौनाचा आदर करूया!' पाहुण्यांनीबी वाजवल्या. गावातल्या एकानंबी हात हालवला न्हाई. गावाला जे कळायचं ते कळलं होतं.

पुढं राजनंदिनी. लेकरूच ते. बापाकडं बघितलं, बेल घेतला आन् हुंदके देत म्हणाली, 'घरात जे ऐकलं तेच मी बोलले. चुकलं माझं, कावेरी.' मग बेल कौशल्याबाईंकडं गेला. तिनं बेल घेतला. उठली, कावेरीजवळ जाऊन बसली आन् लेकीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. दोघी रडल्या. मीबी रडलो, लपवत न्हाई.

उठताना कौशल्याबाई माझ्याजवळ आली. म्हणाली, 'गुरुजी, पोरगी हितंच ऱ्हाईल. दाखला लिहू नगा.' विठ्ठलराव शेजारीच उभे होते. ते शर्टाचं बटण बघत होते.

मामा

०

अंबाजोगाई
१८ डिसेंबर १९९६

ती. मामांस शरणार्थ.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवताना मला पुढे वाचवेना. शेवटचा भाग आईनेच वाचला.

पुण्याला ती फिल्म दाखवली. मी मागच्या खुर्चीत होते. कावेरी बोलते तो भाग लांबला म्हणून कापला आणि त्याच्यावर बासरी टाकली. विठ्ठलराव 'पुढं द्या' म्हणतात ते मात्र दोनदा दाखवलं. खाली पाटी, 'ग्रामीण नेतृत्वाचं संवेदनशील मौन'. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी उठून सांगितलं की मॅडम, ते मौन नव्हतं, ते नाकारणं होतं, आमच्याकडे बेल म्हणजे शपथ असते, त्या पोरीचं बोलणं परत घाला. मॅडम म्हणाल्या, खूप छान निरीक्षण आहे, अभिप्रायाच्या कागदावर लिहा.

आणि ऐका. आता सगळ्या शाळांना बेल देणार आहेत. झाडाची पानं वाळतात म्हणून प्लास्टिकची. आष्टीला जानेवारीत वाटपाचा कार्यक्रम आहे, प्रमुख पाहुणे विठ्ठलराव. प्रकल्पाचा शेवटचा अहवाल मीच लिहायचा आहे आणि त्यात त्या मौनावर एक पान हवंय. ते लिहिलं तर माझी नेमणूक वाढेल. मामा, मला ही नोकरी हवी आहे, ते खोटं नाही. मी काय करू?

एक विचारते. बेल तुम्ही जवळ पडतो म्हणून घेतलात की मुद्दाम?

रुद्राणी

०

हिंगणवाडी
२८ जानेवारी १९९७

चि. रुद्राणीस आशीर्वाद.

आष्टीचा कार्यक्रम झकास झाला. विठ्ठलरावांनी प्लास्टिकचा बेल खोक्यातून असा उचलला, जसा काय स्वतःच्या शेतातला मुळा. हातात धरून बालकांच्या कोमल मनावर इतकं बोलले की मांडववाला सतरंजी गुंडाळायला लागला तरी थांबेनात. त्यांचा मेव्हणा अजून तोच ट्रॅक्टर चालवतो. पोलिसांत कोण जाणार, जायला जीपबी त्यांचीच. एवढंच झालं की गावात कुणी त्यांना पंच म्हणून बोलवत न्हाई आन् दाखल्याचा विषय ते काढत न्हाईत. कावेरी शाळेत हाय. वर्गात आता इतकी बोलते की परवा मीच म्हनलं, बाई, दम घे जरा.

आमच्या वाट्याचं खोकं शाळेत आलं ते तिलाच उघडायला लावलं. तिनं एक पान काढलं, वाकवलं, वास घेतला. मग मला विचारलं, 'गुरुजी, ह्यो धरून खोटं बोललं तर चालतंय का?'

मी म्हनलं, 'चालतंय, म्हणून तर वरून धाडलाय.'

हसली गं पोरगी. खोकं आता निवृत्त छडीच्या खाली ठेवलंय, म्हणजे पडली तर त्याच्यावर पडंल.

तुझ्या अहवालाचं मी काय सांगणार? नोकरी सोड असं म्हणणार न्हाई, मीबी जन्मभर साहेबांना 'सर्व आलबेल' लिहूनच पेन्शनपर्यंत आलोय. पण ह्या पाकिटात झाडाचं एक पान ठेवलंय. 'गुरुजी, तुमच्या अंबाजोगाईच्या ताईला द्या', म्हणून कावेरीनं सकाळी स्वतः तोडून आणलं. अहवाल लिहायला बसशील तवा एका हातात ते धर आन् दुसऱ्या हातानं लिही.

बेल मी मुद्दाम घेतला का, हेबी तवाच विचार. पान तुझ्या हातात असंल, त्याच्यापुढं मलाबी खरंच सांगावं लागंल.

तुझा मामा
नागप्पा